बेळगाव सीमाभागातील छोटे उद्योजक, विस्थापित आणि निर्वासित यांना गावाने साथ कशी द्यावी? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरातील काही दुकानदार, निवृत्त शिक्षक, बँकेत आयुष्य घालवलेले दोघे-तिघे आणि महिला बचत गट चालवणाऱ्या ताई असे आम्ही 2019 च्या महापुरापासून हे काम करत आहोत. आमचे कार्यालय नाही, पावती पुस्तक आणि एक वही एवढाच कारभार आहे. लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न आणि अनुभवाला उतरलेली उत्तरे येथे दिली आहेत. योजनांच्या रकमा, अटी आणि मुदती बदलत असतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी जिल्हा औद्योगिक केंद्रात किंवा बँकेत एकदा खात्री करून घ्यावी, ही पहिली विनंती.

'विस्थापित' आणि 'निर्वासित' हे एकच नव्हेत का?

रोजच्या बोलण्यात आपण दोघांनाही 'बाहेरून आलेले' म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. कागदावर मात्र फार अंतर आहे. महापुराने, धरणाने किंवा अभयारण्याने ज्यांचे घर सुटले ते विस्थापित. ते याच देशाचे नागरिक असतात. त्यांचे रेशन कार्ड आणि मतदार यादीतले नाव कुठे ना कुठे असतेच, फक्त ते नव्या पत्त्यावर आणण्यात त्यांचे महिने जातात. दुसऱ्या देशातून जीव वाचवून आलेला तो निर्वासित. निर्वासितांविषयीच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही आणि आपल्याकडे त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे तिबेटी माणसाच्या हातात असलेले नोंदणी प्रमाणपत्र, ज्याला सगळे 'आरसी' म्हणतात, हाच त्याचा येथे राहण्याचा मुख्य आधार असतो. ऊसतोडीला चिकोडी-अथणीकडे येणारी कुटुंबे या दोन्हींत बसत नाहीत, कारण हंगाम संपला की ती परत जातात. तरीही त्यांच्या गरजा बऱ्याच अंशी सारख्याच असतात.

दोघांत एक गोष्ट मात्र समान आहे. घर, जमीन, जनावरे यांच्याबरोबर त्यांची ओळख जाते. जुन्या गावात दुकानदार ज्याला विनाविचार उधार देत होता, त्याला नव्या गावात पाव किलो साखरही रोखीने घ्यावी लागते. या पानावरील बहुतेक उत्तरे या एका गोष्टीभोवती फिरतात.

आपल्या भागात असे लोक आहेत तरी कुठे?

हा प्रश्न बेळगाव शहरातील मंडळी विचारतात तेव्हा वाईट वाटते, कारण उत्तर त्यांच्या दारापर्यंत आलेले असते. हिडकल धरणाचे पाणी उन्हाळ्यात ओसरले की हुन्नूरचे विठ्ठल मंदिर उघडे पडते आणि आपण सारे कुटुंबासह ते पाहायला जातो. त्या देवळाभोवतीचे गाव कुठे गेले, असे मात्र फारसे कोणी विचारत नाही. काळी नदीवरच्या सुपा धरणात ज्यांची गावे बुडाली त्यांच्यासाठी जोयडा तालुक्यात रामनगर वसवले गेले; गोव्याला जाताना आपण तिथे चहा पितो. खानापूर तालुक्यातील भीमगड 2011 साली अभयारण्य झाले आणि आतल्या तळेवाडीसारख्या गावातील कुटुंबांना प्रत्येकी 15 लाख रुपये भरपाई ठरवून जंगलाबाहेर आणण्याचे काम अलीकडेच सुरू झाले आहे. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा आणि मार्कंडेय या नद्यांनी 2019 च्या ऑगस्टमध्ये जे केले ते तर आपण सर्वांनीच पाहिले. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आले आणि कृष्णाकाठची काही कुटुंबे तेव्हा जी उंचावर आली ती परतली नाहीत.

परदेशातून आलेल्यांचे म्हणाल तर उत्तर कन्नड जिल्ह्यातील मुंडगोडला 1966 पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे. गंदेन आणि द्रेपुंग हे त्यांचे मोठे मठ तिथे आहेत, तिथले लोक मका पिकवतात, आणि वसाहतीची स्वतःची सहकारी सोसायटी आहे. कर्नाटकातली पहिली तिबेटी वसाहत म्हैसूर भागात बैलकुप्पे येथे उभी राहिली. त्या वेळी राज्य सरकारने जमीन दिली होती.

बाहेरच्यांना हात दिला तर आमच्याच पोरांच्या पोटावर पाय येणार नाही का?

ही भीती आम्ही कधीच झटकून टाकत नाही, कारण ती पूर्णपणे खोटी नाही. ज्या गावात दोन शिंपी कसेबसे तग धरून आहेत तिथे मदतीच्या पैशांतून आणखी पाच जणांना शिलाई यंत्रे वाटली, तर जुने दोघे बुडतात आणि नवे पाचही उभे राहत नाहीत. दोष त्या पाच जणांचा नसतो. न मोजता वाटणाऱ्यांचा असतो.

उलट बाजूचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे दुसऱ्या महायुद्धात, 1943 पासून, पोलंडचे सुमारे 5,000 निर्वासित काही वर्षे छावणीत राहिले होते. ते गेल्यानंतर त्याच जागी फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबे आली आणि आज ज्याला आपण गांधीनगर म्हणतो ती कापडाची घाऊक बाजारपेठ उभी राहिली. लग्नसराईच्या आधी सीमाभागातले दुकानदार तिथेच माल भरायला जातात, तिथे हमाल, टेम्पोवाले, शिंपी, खानावळवाले अशा स्थानिकांची पोटे भरतात. छावणीचे बाजारपेठेत रूपांतर कोणा एका योजनेने झाले नाही. आलेल्यांनी धंदा केला आणि भोवतालच्या लोकांनी त्यांच्याशी व्यवहार केला.

त्यामुळे आमचा नियम असा ठरला आहे : कोणत्याही गावात मदत सुरू करण्यापूर्वी तिथल्या चालू धंद्यांची मोजणी करायची आणि जी मदत नव्याने आलेल्याला द्यायची तशीच ती त्या गावातल्या एखाद्या अडलेल्या जुन्या कारागिरालाही द्यायची. खानापूरचा कुंभार, वडगाव-खासबागचा विणकर, निपाणी-अथणीकडचा चप्पल करणारा, यांची स्थिती बऱ्याचदा पूरग्रस्तांहून बरी नसते. दोघांना एका रांगेत उभे केले की गावातली कुजबुज आपोआप थांबते, असा आमचा अनुभव आहे.

मदत रोख द्यावी, यंत्राच्या रूपाने द्यावी की प्रशिक्षण द्यावे?

या तिन्हींच्या आधी पहिले गिऱ्हाईक द्यावे. हे उत्तर ऐकून देणगीदार थोडे नाराज होतात, म्हणून ते जरा सविस्तर सांगणे भाग आहे.

महापुरानंतरच्या पहिल्या वर्षी आमची चूक झाली. कृष्णाकाठच्या एका वाडीत आम्ही मोठ्या उत्साहाने शिलाई यंत्रे वाटली. सहा महिन्यांनी गेलो तेव्हा एका यंत्रावर भांडी पालथी घातलेली होती, एकाची मोटार माहेरी गेली होती, आणि फक्त एक यंत्र चालू होते. ते यंत्र आम्ही दिलेले नव्हतेच. ज्या बाईंचे ते होते त्या पुराआधीपासून ब्लाउज शिवत होत्या. पाणी आले तेव्हा यंत्र माळ्यावर चढवल्यामुळे वाचले, पण गिऱ्हाइकांनी शिवायला दिलेले खण, अस्तर, मापाचे ब्लाउज असे सगळे गाठोडे वाहून गेले. बाईंना घराच्या भिंतीपेक्षा त्या गाठोड्याची काळजी जास्त होती. त्यांनी वहीतून नावे काढून दारोदार जाऊन सांगितले, 'तुमचा खण माझ्याकडून गेला, मी भरून देते.' बहुतेक बायकांनी पैसे घेतले नाहीत. उलट पुढच्या सणाचे कापड त्यांच्याकडेच आणून टाकले. त्यांच्यासाठी गिऱ्हाईक, विश्वास आणि भांडवल हे एकच होते, आणि बाकीच्या यंत्रांना यातले काहीही लाभले नव्हते.

तेव्हापासून आम्ही यंत्र देण्यापूर्वी मागणी जमा करतो. शाळेचे गणवेश, एखाद्या मंडळाच्या महाप्रसादाची भांडी-पत्रावळी, लग्नातल्या शेवया-पापड, पतसंस्थेच्या सर्वसाधारण सभेचा नाश्ता, दुकानाच्या कापडी पिशव्या, अशी कामे गावात वर्षभर निघत असतात आणि बहुतेक वेळा ती शहरातल्या ठेकेदाराकडे जातात. त्यातले एक काम आगाऊ रकमेसह लेखी देणे ही दहा हजारांच्या देणगीपेक्षा मोठी मदत आहे. भाव मात्र बाजारभावच असावा. कीव येऊन जास्त दिला तर पुढच्या वेळी तेच गिऱ्हाईक टिकत नाही, आणि अडलेला पाहून कमी दिला तर ती मदतच नव्हे.

प्रशिक्षणाची सोय चांगली आहे. उजिरेला 1982 साली सुरू झालेल्या प्रयोगाच्या धर्तीवर देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत आणि तिथे राहणे, जेवण व शिक्षण विनामूल्य असते. कुंभारकामासाठी तर खानापूरलाच खादी ग्रामोद्योगाचे केंद्र आहे.

नव्याने आलेल्या माणसाला पहिले कर्ज कोण देणार? जामीन कोण राहणार?

कर्जाआधी पिग्मी. दुकानावर रोज येऊन दहा-वीस-पन्नास रुपये घेऊन जाणारा एजंट आपल्याला इतका सवयीचा झाला आहे की त्याचे महत्त्व लक्षात येत नाही. ही पद्धत याच राज्यातली आहे. पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या उडुपीच्या बँकेने 1928 मध्ये ती सुरू केली. ज्याच्याकडे नव्या पत्त्याचा उतारा नाही, पगाराची स्लिप नाही, त्याच्यासाठी सहा महिन्यांचे पिग्मीचे पासबुक हाच त्याच्या धंद्याचा दाखला ठरतो, कारण रोज पैसे येतात आणि रोज तो त्यातले बाजूला ठेवतो हे त्यात कोणालाही वाचता येते.

त्यानंतर जामिनाचा प्रश्न येतो. आमच्या गटातील एक सदस्य एका वेळी एकाच माणसाला जामीन राहतो आणि रकमेची मर्यादा तो स्वतः आधी सांगतो : बुडाले तर घरात भांडण न होता भरता येईल इतकीच. दोन वेळा आमच्या सदस्यांना खरोखर हप्ते भरावे लागले. त्यातल्या एकाने गाव सोडले. दुसऱ्याच्या घरात आजारपण आले होते आणि त्याने पुढच्या वर्षी आणून दिले. जामीन राहणे म्हणजे नुसती सही नव्हे, हे आम्ही नव्या सदस्याला सुरुवातीलाच सांगतो.

महिलांसाठी स्त्रीशक्ती गट आणि ग्रामीण जीविका अभियानाचे गट हा सर्वांत सोपा रस्ता आहे. अडचण इतकीच की जुन्या गटात नव्या बाईला घेत नाहीत. अशा वेळी नवा गट करताना निम्म्या स्थानिक आणि निम्म्या नव्याने आलेल्या अशी बांधणी करावी. नुसता विस्थापितांचा गट केला तर बँकेतही आणि गावातही तो वेगळाच राहतो.

एक सूचना सर्वांसाठी, स्थानिकांसाठीसुद्धा. बँकेतील ठेवीला, त्यात नागरी सहकारी बँकाही आल्या, प्रत्येक ठेवीदारामागे 5 लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते. पतसंस्था आणि सौहार्द सहकारी संस्थांतील ठेवींना ते नसते. आपल्या भागात या संस्थांनी पुष्कळांचे संसार उभे केले आहेत आणि काही बुडाल्या तेव्हा पुष्कळांचे मोडलेही आहेत. कर्जापुरते सभासद व्हावे, पिग्मी चालवावी. आयुष्याची पुंजी मात्र व्याज अर्धा-एक टक्का कमी मिळाले तरी बँकेत ठेवावी.

सरकारी योजनांपैकी कोणती योजना कोणाच्या कामाची?

योजना पुष्कळ आहेत आणि त्यांची नावे सांगणारेही पुष्कळ आहेत. कोणाला काय बसते हे सांगणारे कमी, म्हणून थोडक्यात सांगतो.

हाताने काम करणाऱ्या परंपरागत कारागिराने सर्वप्रथम पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करावी. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत कुंभार, चर्मकार, सुतार, लोहार, शिंपी, टोपल्या-झाडू विणणारे, खेळणी करणारे असे 18 व्यवसाय आहेत. म्हणजे खानापूरचा कुंभारही त्यात आला आणि गोकाकची लाकडी खेळणी करणाराही आला. काही दिवसांचे प्रशिक्षण, त्या काळात रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपये, आणि 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख व ते फेडल्यावर 2 लाख रुपये कर्ज अशी तिची रचना आहे. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो आणि अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत होते. विस्थापितांचा अर्ज नेमका तिथेच अडकतो, कारण जुनी पंचायत म्हणते ते येथे राहत नाहीत आणि नवी म्हणते आम्ही त्यांना ओळखत नाही. अशा वेळी नव्या गावातल्या दोन प्रतिष्ठितांनी पंचायतीत सोबत जाणे हे कोणत्याही अर्जापेक्षा जास्त उपयोगी पडते.

फिरते दुकान, हातगाडी, छोटी पिठाची गिरणी यांसाठी मुद्रा कर्ज. शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत, किशोर गटात 5 लाखांपर्यंत, तरुण गटात 10 लाखांपर्यंत, आणि ते व्यवस्थित फेडलेल्यांना 20 लाखांपर्यंत, तेही तारण न ठेवता. शहरातल्या फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी वेगळी आहे. त्यासाठी महानगरपालिकेचा किंवा नगरपालिकेचा फेरीवाला दाखला किंवा शिफारसपत्र हातात हवे.

कारखानदारीचा नवा घटक उभा करायचा असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम पाहावा. उत्पादनासाठी 50 लाखांपर्यंतचा आणि सेवेसाठी 20 लाखांपर्यंतचा प्रकल्प त्यात चालतो. अनुदान शहरात 15 ते 25 टक्के आणि ग्रामीण भागात 25 ते 35 टक्के मिळते, महिला आणि मागास घटकांना वरचा दर लागू होतो. जुना धंदा वाढवण्यासाठी पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्याला ही योजना लागू होत नाही, हे न समजल्यामुळे कित्येकांच्या फेऱ्या फुकट जातात. गूळ, काजू, मसाले, लोणची अशा खाद्यपदार्थांच्या छोट्या उद्योगांसाठी केंद्राची 35 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत अनुदानाची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना आहे.

अर्ज भरून देण्याचे पाच-दहा हजार मागणारे दलाल बाजारात फिरतात. यांपैकी कोणत्याही योजनेत 'साहेबांपर्यंत पोचवण्यासाठी' पैसे भरावे लागत नाहीत आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, तर पूर्णपणे विनामूल्य आहे.

मायक्रोफायनान्सचे हप्ते थकले आहेत आणि माणसे दारात येऊन बसतात. काय करावे?

सर्वप्रथम नवे कर्ज काढून जुने फेडणे थांबवावे; चार कंपन्यांच्या हप्त्यांचे आठवड्यात चार वार लागलेल्या घरात धंद्याचे भांडवल उरतच नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनुसार कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होतील असे कर्ज देता येत नाही, आणि वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी व संध्याकाळी 6 नंतर फोन किंवा भेट चालत नाही. शिवीगाळ, नातेवाइकांना त्रास, घराला कुलूप लावणे हे तर गुन्हेच आहेत. बेळगावसह राज्याच्या अनेक भागांत असे प्रकार वाढल्यावर कर्नाटक सरकारने फेब्रुवारी 2025 मध्ये अध्यादेश काढला आणि नंतर त्याचा कायदा केला. जबरदस्तीच्या वसुलीला त्यात तुरुंगवास आणि दंड आहे. नोंदणीकृत कंपनीकडून घेतलेले कर्ज या कायद्याने माफ होत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. आमच्या ताई अशा घरी वसुलीच्या वेळी नुसत्या जाऊन बसतात. तेवढ्याने आवाज खाली येतो आणि हप्ता लांबवण्याचे बोलणे शांतपणे करता येते.

निपाणीत तयार केलेला माल कागलला किंवा कोल्हापूरला विकायचा आहे. त्यासाठी वेगळे काही करावे लागते का?

करावे लागते, आणि सीमाभागातल्या छोट्या माणसाला सर्वांत जास्त ठेच येथेच लागते. त्याच्या दृष्टीने कागल म्हणजे शेजारचे गाव; कायद्याच्या दृष्टीने तो आंतरराज्य व्यवहार. राज्यातल्या राज्यात फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, पण करपात्र वस्तू दुसऱ्या राज्यात विकायची असेल तर उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना यात सवलत आहे. मात्र पॅन आणि ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद, लागतेच, मालाची किंमत कमी असली तरी. एरवी 50,000 रुपयांवरच्या मालासाठी ई-वे बिल काढावे लागते.

एकट्या बाईला मसाल्याच्या दोन पोत्यांसाठी हे सगळे झेपणारे नाही. म्हणून गटाने किंवा आधीच नोंदणी असलेल्या स्थानिक दुकानदाराने माल विकत घेऊन आपल्या नावाने पलीकडे पाठवावा, हा मार्ग आम्हाला सर्वांत सोयीचा वाटला. त्यात दुकानदाराला नफा मिळतो आणि बाईला बाजार मिळतो. सेवांचे नियम वेगळे आणि सौम्य आहेत. शिलाई, दुरुस्ती, मेहंदी अशी कामे करणाऱ्यांनी त्याची धास्ती घेऊ नये.

आम्ही कर्नाटकात चपला करतो. त्यांना 'कोल्हापुरी' म्हणता येईल का?

होय. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला जे भौगोलिक मानांकन मिळाले ते दोन्ही राज्यांना मिळून आहे : महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. आपण या जिल्ह्यांत राहून ठरलेल्या पद्धतीने चप्पल करत असाल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यावी. वादाच्या रेषेच्या दोन्ही अंगांना एकच कातडे, एकच वेणी आणि एकच नाव मान्य झाले, याचे आम्हाला मनापासून समाधान वाटते.

तिबेटी कुटुंबाला दुकानाचा गाळा किंवा घर भाड्याने देणे कायदेशीर आहे का?

आहे, रीतसर केले तर. केंद्र सरकारच्या 2014 च्या तिबेटी पुनर्वसन धोरणात राज्यांना सांगितले आहे की त्यांना व्यवसायासाठी लागणारे परवाने द्यावेत आणि रेशन, रोजगार हमी, ग्रामीण जीविका अभियान यांसारख्या योजनांचा लाभही द्यावा. व्यवहार करताना आरसीची मुदत पाहावी, प्रत ठेवावी, भाडेकरार लेखी करावा, आणि परदेशी नागरिक राहायला आल्याची माहिती विहित नमुन्यात पोलिसांकडील परदेशी नोंदणी कार्यालयाला द्यावी. ती देण्याची जबाबदारी जागा देणाऱ्याची आहे. माहिती दिली म्हणजे संशय घेतला असे होत नाही. उलट उद्या कोणी तक्रार केली तर दोघांचेही संरक्षण होते.

थंडीच्या दिवसांत स्वेटर विकणाऱ्या तिबेटी कुटुंबांचा धंदा पाहण्यासारखा आहे. त्यांचा माल लुधियानाहून येतो, आणि बराचसा उधारीवर. हंगाम संपला की पैसे पोचवायचे, हा रिवाज पिढ्यांचा आहे. ज्यांच्याकडे तारण ठेवायला जमीन नाही त्यांना दोन हजार किलोमीटरवरचा व्यापारी फक्त शब्दावर गठ्ठे पाठवतो, तर आपल्याच तालुक्यातून आलेल्या पूरग्रस्ताला किराणा दुकानदाराने महिनाभराची उधारी देणे काही अशक्य नाही.

सर्व अर्ज कानडीत असतात. मराठी माणसाने काय करावे?

कानडी जाणणारा एक तरुण प्रत्येक गटात असावाच. आमच्याकडे अशी दोन मुले आहेत आणि ती मराठी घरांतली आहेत. भाषेच्या हक्काची मागणी आपल्या जागी योग्य आहे आणि ती करणारे करत आहेत. पण बाईचा उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीत, म्हणजे महसूल कार्यालयात, आज हवा असतो. मुंडगोडच्या तिबेटी मुलांना तर आपल्या भाषेखेरीज आणखी तीन-चार भाषांत व्यवहार करावा लागतो, आणि ती करतात.

महाराष्ट्र सरकारच्या योजना सीमाभागाला मिळतात का?

काही मिळतात. 865 सीमागावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारख्या सोयी जाहीर झाल्या आहेत. उद्योगाचे अनुदान आणि कर्ज मात्र धंदा ज्या राज्यात चालतो तिथूनच घ्यावे लागते, हे गृहीत धरून चालावे.

पुनर्वसनाची रक्कम एकरकमी हातात आली आहे. त्यातून धंदा काढावा का?

पहिले सहा महिने काढू नये. जंगलातून बाहेर आलेल्या कुटुंबाला मध, कोकम, नाचणी, फणस, बांबू यांची जाण असते. रोख रक्कम सांभाळण्याची सवय नसते, कारण तशी रक्कम पूर्वी कधी आलेलीच नसते. नव्या गावात पहिले ओळखीचे होतात ते मोटारसायकलचे एजंट आणि प्लॉट दाखवणारे. रक्कम पती-पत्नीच्या संयुक्त नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावी, घरासाठीचा भाग वेगळा काढावा, आणि धंद्याला त्यातला लहानसा भागच लावावा. जे येते तेच विकावे. जांबोटी-कणकुंबीच्या वाटेवर कोकम आणि मध घेणारे प्रवासी रोज जातात. स्वच्छ बाटली, अन्नसुरक्षेची नोंदणी आणि त्यावर गावाचे नाव, एवढ्यावर सुरुवात होते.

गावाने गट काढायचा तर हिशेब कसा ठेवावा? परदेशातल्या मुलांकडून देणगी घेता येते का?

तीन जणांच्या संयुक्त सहीचे बँक खाते, दरमहा हिशेबाचा कागद देवळाच्या किंवा वाचनालयाच्या फलकावर, आणि व्याज देतो म्हणून कोणाकडूनही ठेव न घेणे. अनियंत्रित ठेवी घेण्यावर 2019 च्या कायद्याने बंदी आहे आणि चांगल्या हेतूने घेतलेली ठेवही त्यात सापडते. भारतीय पासपोर्ट असलेला आपला मुलगा दुबईहून स्वतःच्या पगारातून देणगी देत असेल तर ती परदेशी देणगी ठरत नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाची किंवा परदेशी संस्थेची रक्कम मात्र केंद्र सरकारकडे परदेशी देणगीच्या कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी झाल्याशिवाय घेऊच नये.

मला पैसे देणे शक्य नाही. तरी काही करता येईल का?

पुष्कळ. आमच्या एका सदस्याचे बेळगावच्या बाजारात भांड्यांचे दुकान आहे. दोन हिवाळ्यांपूर्वी एक तिबेटी जोडपे त्यांच्या समोरच्या फूटपाथवर स्वेटर मांडून बसत असे. संध्याकाळी अंधार पडला की गिऱ्हाइकांना रंग दिसत नसे आणि ते लवकर आवरते घेत. आमच्या सदस्याने त्यांना दुकानाच्या बाजूचा ओटा दिला आणि आतून वायर काढून एक दिवा लावून दिला. भाडे घेतले नाही. विजेचे मात्र महिन्याला ठरवून घेतले, कारण त्या बाईंनीच तसा आग्रह धरला. गेल्या मार्गशीर्षात त्यांच्या ओट्यावर एका बाजूला स्वेटर होते आणि दुसऱ्या बाजूला खानापूरच्या कुंभाराच्या पणत्या आणि धूपदाण्या मांडलेल्या होत्या. स्वेटर घ्यायला आलेले लोक त्याही उचलून पाहत होते, आणि कुंभाराच्या मालाचा हिशेब त्या बाई आपल्या वहीच्या मागच्या पानावर, तिबेटी लिपीत, वेगळा लिहून ठेवत होत्या.